तीन दारांची डिस्क

तिवाने दुकानाची पाटी आधीच रंगवून घेतली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मास्टरांनी अजून मोकळं केलं नव्हतं, डोक्यावर पावडर पडली नव्हती, आणि हिची पाटी तयार. निळ्यावर पिवळी अक्षरं, 'तिवा कम्प्युटर्स', आणि खाली बारीक अक्षरात 'देव आहे तर घाई कशाला'. घाई कशाला म्हणे! पाटी आईच्या पलंगाखाली पडून होती, ताफोच्या चौकात मामाची टपरी रिकामी होती, आणि तिवा रोज सकाळी मास्टरांच्या दुकानात झाडू मारताना मनातल्या मनात गिऱ्हाईकांना बसायला सांगत होती.

पण कुमासी शहरात हातात स्क्रूड्रायव्हर धरता आला म्हणून कुणी कारागीर होत नाही. मास्टरांच्या हाताखाली वर्षं काढायची, पाणी भरायचं, बोलणी खायची, आणि मग एखाद्या रविवारी चर्च सुटल्यावर मास्टर चारचौघांत उभं करून सांगतात की ही आता मोकळी. मग पावडरीचा पाऊस, ढोल, जेवण. त्याला 'फ्रीडम' म्हणतात. देशाला मिळालं त्याला इतका घाम लागला नसेल, असं अदुमच्या बाजारात कुणीही सांगेल. आणि ज्याला फ्रीडम नाही त्याने टपरी उघडली, तर तिच्यात माशाही बसत नाहीत.

त्या शुक्रवारी मास्टर अजेकुम दुकानात आले ते पिशवी खांद्यावर अडकवूनच.

"तिवा, आज टीचर आपाऊंचं काम तू करायचं. एकटीने. मी एजिसूला चाललोय, चर्चच्या प्रिंटरने संप केलाय. परत येईन तेव्हा तिन्ही दारं उघडली पाहिजेत. उघडली तर परवाच्या रविवारी पावडर. एक जरी अडलं तरी पुढच्या वर्षी बघू."

"परवाच्या?" तिवाच्या हातातला झाडू पडला.

"ऐकू कमी येतं का? मग पुढच्याच वर्षी बघू या."

"नाही मास्टर! म्हणजे हो मास्टर! परवाच्या!"

मास्टर गेले. तिवाने गल्लीत दोन उड्या मारल्या. शेजारी चवळीभाताचं पातेलं मांडून बसलेल्या आंटी बिरागोने पळी हवेतच धरली.

"काय गं, मुंग्या चावल्या की नवरा मिळाला?"

"त्याहून भारी, आंटी. परवा पावडर!"

"आधी काम कर. पावडर काय, तव्यावरच्या माशालाही लावतात."

टीचर आपाऊ म्हणजे बांतामाच्या मेथॉडिस्ट चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. शाळेतून कधीच निवृत्त झाले, पण 'टीचर' ही पदवी मरेपर्यंत सुटत नाही. त्यांच्या कम्प्युटरात एकाच डिस्कवर तीन बिऱ्हाडं नांदत होती. चालू करताना पडद्यावर यादी यायची, त्यातून एक दार निवडायचं. पहिलं दार जुन्या विंडोजचं. टीचर ज्या प्रोग्रॅममध्ये गाणी लिहायचे तो म्हातारा प्रोग्रॅम दुसरीकडे कुठेच चालत नव्हता. मधलं दार लिनक्सचं, पुतण्याने घालून दिलेलं. तिथे सरावाची सगळी रेकॉर्डिंगं. तिसरं नव्या विंडोजचं, तिथे नातवंडांचा अभ्यास आणि बायकोच्या मालिका. मधलं बिऱ्हाड इतकं ठासून भरलं होतं की गेल्या आठवड्यात नवं गाणं अर्ध्यावर रेकॉर्ड होऊन थांबलं. म्हणून टीचरांनी नवी डिस्क आणली होती. जुनी पाचशे जीबीची, नवी दोन टीबीची, म्हणजे चौपट मोठी. तिन्ही बिऱ्हाडं जशीच्या तशी उचलून नव्या घरात न्यायची, आणि मधल्याला ऐसपैस जागा करून द्यायची, एवढंच काम.

"टीचर, या सगळ्याची दुसरी प्रत आहे ना कुठे?" टीचर कम्प्युटर आणि नवी डिस्क घेऊन आले तेव्हा तिवाने विचारलं.

"होती. पेनड्राइव्हमध्ये. तो शर्टाच्या खिशात होता. शर्ट धुवायला गेला."

"मग?"

"शर्ट स्वच्छ निघाला."

तिवाला आधी हसू आलं, मग अर्थ कळला. म्हणजे आयुष्यभराची गाणी या एकाच डिस्कवर. तिने कम्प्युटर नीट बंद केला, चार स्क्रू काढले आणि जुनी डिस्क दोन्ही हातांनी बाहेर काढून मऊ फडक्यावर ठेवली.

आता मास्टरांच्या डॉकबद्दल सांगायला हवं, कारण तसला डॉक साऱ्या अदुममध्ये दुसरा नव्हता. डॉक म्हणजे दोन खाचांची पेटी. एका खाचेत भरलेली डिस्क उभी करायची, दुसरीत कोरी, आणि बटण दाबायचं. पहिलीतलं सगळं दुसरीत उतरतं. दुसरीत आधी काय होतं याची चौकशी पेटी करत नाही. पुसून टाकते आणि मोकळी होते. बनवणाऱ्याने पहिली खाच डावीकडे दिली होती, आणि मास्टरांना ते पहिल्याच दिवशी खटकलं. चार माणसं बसली असतील तर हात मिळवायला उजवीकडून सुरुवात करायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जुनी डिस्क म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. तिला डाव्या हाताला उभं करायचं? मास्टरांनी डॉक चक्क उलटा फिरवून ठेवला, पाठ आपल्याकडे, तोंड भिंतीकडे. पहिली खाच आली उजवीकडे. दिवे भिंतीकडे गेले, तर भिंतीवर दाढीचा आरसा टांगला. बटण पलीकडे गेलं, तर हात लांब करून दाबायचं. खाचांवरची अक्षरं अंगठ्याने घासून केव्हाच पुसली गेली होती. तिवा याच डॉकवर शिकली, आणि डॉक असाच असतो अशी तिची समजूत होती.

वीज कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून बॅटरी भरली आहे का ते बघायला ती मागच्या खोलीत गेली. तेवढ्यात टीचरांना टेबलावर उलटा ठेवलेला डॉक दिसला. चर्चमध्ये कुणी भजनाचं पुस्तक उलटं ठेवलं तरी ज्यांचा जीव खालीवर होतो, तसे हे गृहस्थ. त्यांनी डॉक उचलला, तोंड पुढे करून नीट ठेवला, वर रुमालाने धूळही पुसली, आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानाने खुर्चीत बसून राहिले.

तिवा धावतच आली. डोळ्यांपुढे परवाचा रविवार. तिने जुनी डिस्क उजव्या हाताने उजव्या खाचेत उभी केली, नवी डावीकडे, बटण दाबून धरलं. बटण आज कसं पटकन सापडलं, याचाही तिला आनंदच झाला.

लाल दिवा लुकलुकला आणि विझला. काही सुरू झालं नाही.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"का गं, काय म्हणतोय?" टीचर पुढे सरकले.

"घेत नाही म्हणतोय. टीचर, ही डिस्क कुठून आणलीत?"

"केजेतियाच्या बाजारात एक पोरगा टोपलीत घेऊन फिरत होता."

"टोपलीत!" आंटी बिरागो दारातून आत डोकावली. "टीचर, डिस्क म्हणजे काय टोमॅटो आहेत? तीच खोटी असणार. एऽऽ, एवढी शिकलेली माणसं!"

"आंटी, तुमचा भात करपतोय," टीचर म्हणाले.

"माझा भात मी बघते. तुम्ही तुमचे टोमॅटो बघा."

तिवाच्या कानात यातलं काहीच शिरत नव्हतं. नवी डिस्क खोटी असेल तर आज काम होणार नाही. काम झालं नाही तर पुढचं वर्ष. पुढचं वर्ष म्हणजे पुन्हा तोच झाडू, आणि पलंगाखालच्या पाटीवर धूळ. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला राग आला. रडायला काय झालं! आधी दोष कुणाचा ते तरी कळू दे. तिने फळीवरची एक कोरी डिस्क काढली. दुकानाची, पारखलेली, पाचशेचीच. टोपलीतली काढून तिच्या जागी ही बसवली. डॉकने हिला घेतलं तर डॉक चांगला, टोपलीतली डिस्क खोटी. सरळ हिशेब.

"हिला घेईल?" टीचरांनी विचारलं.

"घ्यायलाच हवं."

"मग दाब की, पोरी. माझं काळीज घशात आलंय."

तिवाने बटणावर बोट ठेवलं. आणि ते तसंच राहिलं.

डॉक नाही कधी म्हणतो? मास्टरांनी शिकवलं होतं: खोट्या डिस्कवर तो चालू होतो आणि मध्येच थांबतो. सुरुवातीलाच नकार देतो तो एकाच वेळी, मोठ्या हंड्यातलं पाणी लोटीत ओतायला सांगितलं तर. पण तिने तर लोटीतलं हंड्यात ओतायला सांगितलं होतं. लहान डिस्क पहिली, मोठी दुसरी. मग याने नाही का म्हणावं? दोघांपैकी एक चुकतंय. डॉकला चुकायची अक्कल नसते. म्हणजे...

तिने मान वर केली. आरशात डॉकची पाठ दिसत होती, आणि शेपटीसारखी लोंबणारी वायर. दिवे तर तिच्या नाकासमोर होते. तीन वर्षांत तिने ते दिवे आरशाबाहेर कधी पाहिलेच नव्हते.

बटणावरचं बोट तिने सापावरून काढावं तसं काढलं आणि टेबलापासून दोन पावलं मागे झाली.

"टीचर, डॉकला हात कुणी लावला?"

"मीच. कुणीतरी वेंधळ्याने उलटा ठेवला होता."

"तो वेंधळा म्हणजे आमचे मास्टर."

"अरे देवा. पण नीटच ठेवला ना मी?"

"फार नीट ठेवलात. इतका नीट, की मी आत्ता बटण दाबलं असतं तर ही कोरी डिस्क तुमच्या गाण्यांवर उतरली असती. दोघी सारख्या मापाच्या. याने नाही म्हटलं नसतं. मघाशी वाचलो ते तुमची टोपलीतली डिस्क मोठी होती म्हणून."

 टीचरांच्या तोंडून एक भजन सुरू झालं, खालच्या सुरात, थरथरत. आंटी बिरागोने पहिल्यांदाच काही न बोलता त्यांना पाण्याची पिशवी आणून दिली.

 तिवाच्या भीतीच्या बुडाशी मात्र काहीतरी वेगळंच उसळत होतं. तिला ओरडावंसं वाटत होतं. डॉक बोलला आणि तिला कळलं! मास्टर जवळ नव्हते, कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं! सवयीने तिचा हात डॉक पुन्हा उलटा करायला गेला, पण मध्येच थांबला. आरसा, लांब हात, उलटी पाठ, हे सगळं जागच्या जागी असेल तोवर ठीक. कुणी भलत्याने धूळ पुसली की संपलं. मग ते असायचंच कशाला?

"आंटी, नखांचा रंग आहे का तुमच्याकडे?"

"आता काय नटायला बसतेस?"

"द्या हो!"

तिने डाव्या खाचेच्या कडेला लाल रंगाचा ठसठशीत ठिपका दिला. मग कोरी डिस्क काढून परत फळीवर ठेवली, जुनी डिस्क उचलली आणि क्षणभर अडखळली. हात मुळी तिकडे वळेचना. "डावी बाजू आहे, माफ करा," ती डिस्कला म्हणाली. डाव्या हाताने काही द्यायची वेळ आली की माणसाला म्हणतात अगदी तसं. टीचरही नकळत "माफ आहे, माफ आहे," म्हणाले. नवी उजवीकडे. ठिपका एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, टीचरांना पाहायला लावला, आंटीलाही. मग बटण.

हिरवा दिवा लागला आणि डॉक कामाला लागला. आंटीने चवळीभात वाढला, वर काळी तिखट शितो चटणी आणि उकडलेलं अंडं. टीचरांनी नको नको म्हणत दोन वाट्या संपवल्या. गल्लीतून दोन वेळा कुणीतरी चार्जर विचारायला आलं आणि आंटीने त्यांना परस्पर हाकललं: "आत ऑपरेशन चाललंय." दुपार कलली तेव्हा शेवटचा दिवा लागला.

तिवाने सगळ्यात आधी जुनी डिस्क काढून, फडक्यात गुंडाळून, टीचरांच्या हातात दिली. "आता हिला कुणाच्या हातात देऊ नका. शर्टाच्या खिशात तर मुळीच नाही."

मग खरी मजा सुरू झाली. नव्या डिस्कवर तिन्ही बिऱ्हाडं होती तशीच दाटीवाटीने उभी होती आणि रिकामी जागा सगळी पार टोकाला, तिसऱ्याच्या मागे. उपयोग काय? तिने नवी डिस्क कम्प्युटरात बसवली, तो दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून चालू केला, तिसऱ्या बिऱ्हाडाला उचलून टोकाला नेलं आणि मधल्याला हात-पाय पसरू दिले. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती तशी तिवाची बडबड वाढत होती. "बघा टीचर, सरकतंय! बघा, आता तुम्ही चर्चची सगळी गाणी भरा, शेजारच्या चर्चचीही भरा!"

पेनड्राइव्ह काढून तिने कम्प्युटर चालू केला. यादी आली. पहिलं दार उघडलं. टीचरांनी आपलं एक जुनं गाणं उघडून पडद्यावर बोट ठेवत गुणगुणून पाहिलं, सूर जागच्या जागी होते. मधलं दार उघडलं, आत मैदान. टीचरांनी टाळी वाजवली.

तिसरं दार दाबलं आणि निळा पडदा. अमुक सापडत नाही.

"गेलं!" आंटी दारातून किंचाळली.

"कुठे जाईल? आहे तिथेच आहे," तिवा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत. "आपण घर हलवलं, पत्ता जुनाच राहिला. विंडोज जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतंय." तिने विंडोजचा दुरुस्तीचा पेनड्राइव्ह लावला, चार ओळी टाइप केल्या, नवा पत्ता लिहिला. पुन्हा चालू. यादी. तिसरं दार. गोल गोल फिरणारे ठिपके, फिरताहेत, फिरताहेत... आणि टीचरांच्या नातवंडांचा फोटो पडद्यावर दात काढून हसू लागला.

दुकानात जो गलका झाला तो ऐकून गल्लीतले लोक धावत आले. टीचर आणि आंटी बिरागो सकाळपासूनचं भांडण विसरून एकमेकांचे हात धरून नाचत होते. नेमके तेव्हाच मास्टर अजेकुम दारात उभे राहिले.

"कोण मेलं की कोण जन्मलं?"

"बघा मास्टर, तुम्हीच बघा!"

मास्टर बसले. एकेक दार स्वतः उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मधल्यातली जागा पाहिली. मान हलवली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटतच होतं, तेवढ्यात त्यांची नजर डॉकवर गेली. तोंड पुढे. हसू जागच्या जागी मावळलं.

"हा कुणी फिरवला?"

टीचर खाकरले. "मास्टर, खरं म्हणजे मी..."

"कुणी का फिरवेना, मास्टर," तिवा मध्येच म्हणाली. "डिस्क घालणारी मी होते. बघायला मी हवं होतं."

आंटी बिरागो मास्टरांच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होती: गप्प बस, येडे! पण तिवाने सगळं सांगितलं. लाल दिवा, फळीवरची पाचशेची डिस्क, बटणावरचं बोट. न विचारता सांगितलं. सांगताना तिला स्पष्ट दिसत होतं की रविवार हातचा जातोय, तरी तिला थांबता येईना. टीचरांची गाणी टीचरांच्या मांडीवर होती आणि खोटं बोलून त्यांच्यासमोर पावडर डोक्यावर घेणं तिला जमणारं नव्हतं.

मास्टरांनी फळीवरच्या डिस्ककडे पाहिलं.

"लाल दिवा लागल्यावर तू फळीवरची डिस्क घातलीस."

"हो, मास्टर."

"मीही तेच केलं असतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि बटण दाबलं असतं. मला आरसा आठवला नसता, तिवा. इतकी वर्षं झाली, आता मी वर बघतही नाही. हात आपोआप जातो."

 टीचरांनी फडक्यातली डिस्क छातीशी धरली.

मास्टर उठले आणि डॉकपाशी गेले. दोन्ही हातांनी त्यांनी डॉक उचलला, नेहमीसारखा भिंतीकडे वळवायला अर्धा फिरवला, आणि तसाच हवेत धरून ठेवला. लाल ठिपका त्यांनी पाहिला. मग तिवाकडे वळले.

"कसा ठेवू?"

तीन वर्षांत मास्टरांनी तिला हजार गोष्टी सांगितल्या होत्या. विचारली एकही नव्हती. तिवा डॉककडे बघतच राहिली. आंटी बिरागोने तिला मागून ढोसलं, "अगं सांग की! बिचाऱ्यांचे हात दुखतील!"

"तोंड आपल्याकडे, मास्टर," तिवा म्हणाली. "ठिपका डाव्या हाताला."

मास्टरांनी तो तसाच ठेवला, आणि आंटी बिरागो दारात जाऊन रविवारच्या जेवणाला कोण कोण येणार ते साऱ्या गल्लीला ओरडून विचारू लागली.